नजर फक्त सकाळीच लागते?

"पिळ! आख्खं पिळ, नागेश!"

"बिया पडल्या की गं आत!"

"पडू देत! हॉटेलवाला बियांसकट चहा करेल!"

तिन्ही लिंबं संपली. नागेशने ती अ‍ॅल्युमिनियमची किटली होती तशी कडब्याच्या गंजीत खुपसली आणि दोघं गंजीमागे दबा धरून बसली. नुकतं कुठे तांबडं फुटत होतं.

"पन ह्यो तुझाच मामा हाय," नागेश कुजबुजला. "लई मार बसंल."

"बसू दे! आज अकराच्या एसटीने छकुली चाललीय, कळतंय का तुला? कायमची!"

स्वराली बारामतीची. मे महिन्याच्या सुट्टीत ती दरवर्षी अंथुर्ण्याला आजोबांकडे, म्हणजे गेणबाआबांकडे यायची. समोरच्या घरातला नागेश आणि शेजारची छकुली हे तिचे सुट्टीतले सवंगडी. छकुली तिच्या आजीजवळ, सारजाआजीजवळ राहायची. यंदा मात्र छकुली उंबऱ्याबाहेर यायलाच तयार नव्हती. का, तर महिन्यापूर्वी सारजाआजीने आबांच्या गोठ्याशी उभं राहून एक प्रश्न विचारला होता. "आबा, म्हस दूध किती देती वो?"

बस्स, एवढंच! पण आपल्याकडे हे विचारायचं नसतं, आणि कुणी विचारलंच तर खरा आकडा सांगायचा नसतो. म्हशीला नजर लागते म्हणे! "देती आपली च्यापुरतं," असं म्हणून आबांनी पाठ फिरवली. दुसऱ्या दिवसापासून दूध घटलं. "सारजीनं नजर लावली," हे पहिल्यांदा म्हणाला तो स्वरालीचा दादासोमामा.

मग काय! रिकामटेकड्या गावाने त्या एवढ्याशा प्रश्नाचा कीस पाडला. "त्या दिशी अवस हुती," एक म्हणाला. "तिनं कासंकडं बघून इचारलं," दुसरा म्हणाला. "आवाजच येगळा हुता तिचा!" असं गल्लीतल्या दगडाबाई छातीठोकपणे सांगायच्या, आणि त्या दिवशी दगडाबाई होत्या इंदापूरच्या बाजारात! सारजाआजीला शेतात भांगलणीला बोलावणं बंद झालं. नळावर बायका तिच्यापासून हंडे लांब ओढू लागल्या. शेवटी तिने छकुलीला घेऊन इंदापूरमार्गे बावड्याला लेकीकडे जायचं ठरवलं.

डेअरीत दुधाचा कॅन न्यायचं काम स्वरालीकडे होतं. चार दिवसांतच तिच्या हाताला कळलं, की सकाळचा कॅन हलका असतो आणि संध्याकाळचा जड. संध्याकाळची धार स्वरालीची आजी, प्रयागआजी, काढायची. सकाळची धार काढून मामा राजदूत मोटारसायकलवरून बारामती एमआयडीसीत कामाला जायचा. गुरुवारी त्याला सुट्टी होती, आणि गुरुवारी सकाळी कॅन चक्क जड लागला!

"आबा," तिने विचारलं होतं, "नजर फक्त सकाळीच लागते? आणि गुरुवारी तिला सुट्टी असते?"

"मोठ्या मानसांत बोलू ने," आबा म्हणाले. मोठ्यांना उत्तर सुचलं नाही की ते हेच म्हणतात. मग शुक्रवारी तिने गोठा पिंजून काढला आणि एमआयडीसीतल्या हॉटेलाचं नाव घातलेली किटली सापडली.

"आला! डोकं खाली घे!" नागेशने तिला दाबलं.

मामाने धार काढली, इकडे-तिकडे बघितलं, किटली उपसली आणि अंधुक उजेडात आत न बघताच तीत भराभर दूध ओतलं. पाचच मिनिटांत राजदूत फटफटत वेशीबाहेर गेली.

दहा वाजता आबांच्या दारात एक एम-एटी गाडी येऊन थांबली. एक घामाघूम माणूस किटली नाचवत ओरडला, "दादासोचं घर हेच का? रोज तीन लिटर घेतोय त्याच्याकडनं, आन आज पातेलंभर दूध नासलं माझं! कंपनीच्या गेटातनं आत सोडंनात, म्हून हितं आलो!"

"आबा, सापडलं बघा घटलेलं दूध!" स्वराली गंजीवरून ओरडली.

आबांनी किटली हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. हा हा म्हणता गल्ली गोळा झाली. नागेशने लिंबाची हकिगत तिखटमीठ लावून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. "पोरांनी नाव काढलं!" "केवढी अक्कल लेकराची!" दगडाबाईंनी स्वरालीच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "कुनाची नजर लागंल गं बाय तुला!"

तेवढ्यात सारजाआजी बोचकं घेऊन बाहेर आली. मागे छकुली होती.

"सारजे," आबा म्हणाले, "झालं गेलं इसर. ठिव ते बोचकं खाली."

"आबा, मी त्या दिशी का इचारलं, म्हाईत हाय का?"

सारजाआजीने छकुलीला जवळ ओढलं.

"छकुलीला टायफाइड झाल्ता. डाक्टर म्हनला, दूध पाजा. तुमच्यात उरत असंल तर पावशेर रतीब लावावा म्हनलं. म्हून इचारलं."

"मग तवाच सांगायचं न्हाय व्हय?"

"तवा इचारलं कुनी? तुमी पाठ फिरीवली."

स्वरालीचं तोंड उतरलं. तिने चोर पकडला होता, कॅन तोलले होते, गोठा धुंडाळला होता. पण "आजी, तू का विचारलंस?" हे तिनेही विचारलं नव्हतं. छकुलीचे केस किती विरळ झालेत हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि तिला वाटलं होतं, कापले असतील.

आजी आणि छकुली निघाल्यावर स्वराली धावत एसटीच्या थांब्यापर्यंत गेली. "थांब ना गं, छकुले! आता सगळ्यांना कळलंय!"

"म्हशीचं कळलंय," छकुली म्हणाली आणि आजीचा हात धरून इंदापूरच्या गाडीत चढली.

स्वराली परतली तेव्हा ओट्यावर चहा चालला होता आणि आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "नात कुनाची हाय!" तिला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.