मुकं केलेलं कार्ड

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण वाचून झाल्यावर खाली "भारी स्टोरी" असं लिहू नका. यात जो माणूस गेला, तो माझा बाप होता.

आणि यात रात्र नाही. स्मशान नाही, सुनसान रस्त्यावर बंद पडलेली गाडी नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. अर्धं आमच्या घरात आणि अर्धं माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे मी रोज बसतो.

मी ग्राफिक्स कार्डं दुरुस्त करतो. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची चित्रं तयार करणारा जो भाग असतो ना, तो. काम वाढलं की तो तापतो आणि त्याचे पंखे घोंगावायला लागतात. किती तापल्यावर पंखा किती जोरात फिरवायचा, हे कार्डावरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. लिहिते कंपनी, पण ते बदलता येतं. मी बदलून देतो. लोकांचे पंखे शांत करून देतो म्हणून बाजारात मला 'मुका मेकॅनिक' म्हणतात. खरं तर माझं तोंड दिवसभर चालू असतं. अण्णांवर गेलोय मी.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत भूगोल शिकवायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आणि ते घरात बसले. दादा जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. घरी अण्णा, वहिनी आणि मी. अण्णांची खाट ज्या खोलीत, त्याच खोलीत वहिनीचं टेबल. बिल्डर लोकांना घरांची चित्रं करून द्यायचं तिचं काम. घर बांधायच्या आधीच ते कसं दिसेल, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं.

तिने मशीन चालू केलं की कार्डाचे पंखे घुंईं करायचे.

आणि खाटेवरून लगेच आवाज यायचा.

"आलीस का गं सूनबाई? आज काय काढतेस? बंगला का फ्लॅट? खिडक्या किती? दार कुठल्या दिशेला?"

वहिनीने सांगितलं की पुढचा प्रश्न तयार. दार उत्तरेला ठेवलंस, मग दुपारचं ऊन कुठून येईल? स्वयंपाकघरात उजेड पुरेल का? अण्णांना दिसत नव्हतं, पण त्या घरांमधून ते रोज फिरून यायचे. आम्हाला हसू यायचं. रोज रोज हसू येत नाही, हेही खरं.

एक दिवस वहिनी कार्ड घेऊन दुकानात आली.

"भाऊजी, याचा आवाज बंद करून द्या. अण्णांना दुपारची झोप लागत नाही."

"कमी करतो की."

"कमी नको. बंदच करा."

आता माणूस अडला तर मार्ग काढायचा, हा माझा धंदा. चिपमधला मूळ प्रोग्राम मी आधी जपून ठेवला. मग पंख्याच्या तक्त्यात बदल केले. बरंच तापेपर्यंत पंखा शून्य. शिवाय कार्डाला मिळणारी वीजही कमी केली, म्हणजे ते तेवढं तापणारच नाही. काम जरा हळू होईल, असं मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, चालेल. घरी नेऊन बसवलं. मशीन चालू, पडदा चालू, आणि खोलीत आवाज कसला म्हणून नाही.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

अण्णा खाटेवर उठून बसले होते. मान थोडी तिरकी करून.

"धाकट्या, पंखा बिघडला का रे?"

"बिघडला नाही, दुरुस्त केला. आता तुम्हाला शांत झोप लागेल."

"मला कधी झोपेचा त्रास होता?" अण्णा म्हणाले. "राहू दे की तो आवाज. बरा वाटतो."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि हसून म्हटलं, "सवय होईल अण्णा." दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, मी निघालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी झोपेतच अण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कळलंही नसेल त्यांना. सगळे म्हणाले, सुटले. मीही म्हणालो.

दादा येऊन परत जहाजावर गेला. घर रिकामं झालं. मग वहिनी पुन्हा दुकानात आली, तेच कार्ड घेऊन. डोळे सुजलेले.

"याचा आवाज परत आणा, भाऊजी."

"का? एवढं छान चाललंय."

"आणा म्हणते ना."

सुट्टीचा दिवस होता. पुढचं शटर अर्धं खाली होतं, मागच्या खोलीत मी एकटाच. जपून ठेवलेला मूळ प्रोग्राम मी चिपमध्ये परत भरला. पुन्हा वाचून ताडून पाहिला. मुळाबरहुकूम. एका अक्षराचाही फरक नाही.

मशीन चालू केलं. कार्डाला काम दिलं.

तापमान चढायला लागलं...

पंखा हलला नाही.

म्हटलं, पंखाच गेला असेल. दुसऱ्या कार्डाचा चांगला, तपासलेला पंखा काढून लावला. तापमान चढलं, आणखी चढलं. तोही पंखा जागचा हलेना. चिपमध्ये लिहिलंय फिर, वीज पोचतेय, पंखा चांगला आहे. तरी फिरत नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मी वैतागून मशीन बंद केलं, कार्ड उपसून टेबलावर ठेवलं आणि समोर जेवायला गेलो.

पोटभर जेवून, गप्पा मारून परत आलो. कार्ड टेबलावर होतं. एकही वायर जोडलेली नव्हती.

खुर्चीत बसता बसता सहज हात लावला...

कार्ड गरम होतं.

चटका बसेल असं नाही. माणूस उठून गेल्यावर खुर्ची जशी उबदार राहते, तेवढंच. मी हात मागे घेतला.

खोलीत एरवी दोन-तीन मशीन सतत चालू असतात. गिऱ्हाइकांची, तपासणीला लावलेली. त्यांच्या पंख्यांचा आवाज मला आता ऐकूही येत नाही, इतका तो कानात बसलाय. त्या क्षणी तो मला ऐकू आला.

कारण तो थांबला.

पडदे चालू. दिवे चालू. पंखे सगळे थांबलेले...

आणि मागे, फरशीवर, अनवाणी पाऊल.

आधी चवडा, मग टाच. आधी चवडा, मग टाच. डोळस माणूस असा चालत नाही. असा चालतो तो, ज्याला पुढची जागा पायाने चाचपावी लागते. आमच्या घरात ती चाल मी वर्षानुवर्षं ऐकली होती.

पावलं माझ्या खुर्चीमागे येऊन थांबली.

श्वास ऐकू आला. जड, थोडा घरघरणारा.

"कोण आहे?" मी विचारलं.

आणि तो श्वास... थांबला. संपला नाही. कुणीतरी तो मुद्दाम आत धरून ठेवला.

मला कशाची भीती वाटली सांगू? अण्णा असते तर बोलले असते. तो माणूस आयुष्यात कधी गप्प बसला नाही. खोलीत कुणी आल्याची चाहूल लागली की आधी प्रश्न यायचा. मग माझ्या मागे उभं राहून, न बोलता, श्वास रोखून धरणारं हे कोण होतं?

मान वळवायची हिंमत झाली नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग एकेक पंखा परत फिरायला लागला. मी वळलो. मागे कुणी नव्हतं.

तसाच घरी गेलो. वहिनी अण्णांच्या खोलीत टेबलापाशी बसली होती. मशीन बंद होतं. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं. वाटलं होतं, ती मला वेड्यात काढेल. पण श्वास रोखल्याचं सांगितलं आणि तिने तोंडावर हात धरला.

मग ती रडायला लागली.

"भाऊजी, अण्णांना झोपेचा त्रास नव्हता," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. आवाज आला की त्यांना कळायचं, मी खोलीत आहे. मग प्रश्न. दिवसभर प्रश्न. मला वाटलं, आवाजच नसला तर..."

"तर त्यांना कळणारच नाही, तू आहेस."

तिने मान हलवली. "माऊसही न वाजणारा आणला. बांगड्या काढून ठेवायला लागले. ते विचारायचे, सूनबाई, आहेस का गं? मी गप्प बसायचे. चार हातांवर, याच खुर्चीत. मग तेच स्वतःशी म्हणायचे, नाही वाटतं आली."

अण्णा जागे असले की मीही चपला हातात घेऊन जिना चढायचो. नाहीतर तास मोडायचा. एका माळेचे मणी आम्ही.

"त्या दिवशी," वहिनी म्हणाली, "त्यांनी तीनदा विचारलं. मी गप्प. मग ते उठले. चाचपत चाचपत टेबलापाशी आले. माझ्या इतके जवळ, की मी श्वास रोखून धरला. त्यांना कॉम्प्युटरचा डबा लागला. त्यावर त्यांनी हात ठेवला..."

तिने त्या डब्यावर आपला तळहात टेकवला.

मला कळलं. मीच पंखे बंद केले होते. उष्णता बाहेर फेकायला काही नव्हतं. डबा गरम असणार.

"हात तसाच ठेवून उभे राहिले, भाऊजी. त्यांना समजलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आहे, मशीन चालू आहे, आणि मी त्यांच्यापासून लपून बसलेय. मला वाटलं, आता रागावतील. काहीच बोलले नाहीत. हळूच परत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले."

त्यानंतर अण्णा उठले नाहीत.

दादाला हे अजून माहीत नाही. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, ते आम्हाला समजत नाही.

कार्ड मी पुन्हा अण्णांच्या खोलीतल्या मशीनमध्ये बसवलं. मूळ प्रोग्राम आहे, नवे पंखे आहेत. ते कधीच फिरत नाहीत. कार्ड जळतही नाही. वहिनीने आपलं काम बाहेरच्या खोलीत हलवलं आणि दुसरं मशीन घेतलं, भरपूर आवाजाचं. कुठल्याही खोलीत शिरताना आम्ही दोघंही मोठ्याने सांगतो, "मी आलोय," "मी आलेय." शेजारच्या काकूंना वाटतं, या घरातले लोक भ्रमिष्ट झालेत.

आतल्या खोलीतून कधी उत्तर येत नाही. पण दुपारी खाट करकरते. चवडा आणि टाच फरशीवर ऐकू येतात. आपण दार उघडलं, की सगळं शांत.

गेल्या सुट्टीच्या दिवशी मी मन घट्ट करून आत गेलो. दार लावून घेतलं. वहिनीच्या जुन्या खुर्चीत बसलो. खाटेकडे बघत म्हणालो, "अण्णा, मी आलोय. धाकटा." मग सगळं बोललो. तुम्ही राहू दे म्हणालात, मी ऐकलं नाही. आम्ही दोघंही चुकलो. रागवा, बोला, काय वाटेल ते विचारा. मी आज कुठेही जाणार नाही. वहिनी परवापासून एका घराचं चित्र करतेय, तेही सांगितलं. दार पूर्वेला, खिडक्या भरपूर.

खोलीत काही हललं नाही.

मी गप्प झालो आणि कान दिला...

खाटेवर कुणीतरी होतं. भिंतीच्या बाजूला, माझ्यापासून चार हातांवर. त्याने श्वास रोखून धरला होता. अगदी सरावलेल्या माणसासारखा, जराही आवाज न करता, तो मी निघून जायची वाट बघत होता.

थोडा वेळ मी बसलो. मग उठलो, बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.