मधल्या जागेवरचा गुडघा

आर्लो उन्रू त्याच्या ट्रकसकट गेला, तो परत आला नाही.

हे आधीच सांगून टाकलं. आता विसरून जा.

कारण काउंटीच्या दप्तरी असं काही घडलेलंच नाही. तिथे आर्लो उन्रू हा सज्ञान इसम स्वखुशीने फिरायला गेलेला आहे. सज्ञान इसमाला फिरायला बंदी नाही. विषय संपला. तेव्हा आपणही काही झालं नाही असंच धरून चालू.

पण गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर. आर्लोची धाकटी बहीण नोरीन हिने ती आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली, आणि नोरीन चर्चमध्ये वर्षानुवर्षं पियानो वाजवते. छापलेल्या सुरापलीकडे एक सूर तिने आयुष्यात मनाने लावलेला नाही.

जागा – पश्चिम कॅन्ससमधलं ग्रेबर गाव. वेळ रात्रीची असायला हवी होती, पण नव्हती. ऑगस्टची भर दुपार. ज्वारी कणसावर आलेली, वारा नेहमीचा, रस्ता सरळ. इतका सरळ, की आमच्याकडे स्टिअरिंग ही चैन वाटते.

आर्लोचा ट्रक म्हणजे त्रेपन्न सालचा शेवरोले पिकअप. हिरवा. म्हणजे एके काळी. उन्हाने रंग उडून खालचं लोखंड तांबूस दिसायला लागलेलं, आणि आर्लोला अभिमान त्याचाच. जुन्या ट्रकवाल्यांचा हा धर्मच आहे. रंग द्यायचा नाही. पोचा काढायचा नाही. उडालेल्या रंगावर जवसाचं तेल चोळायचं आणि शनिवारी सकाळी शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या आवारात बॉनेट उघडून, हातात कॉफी घेऊन उभं राहायचं. कुणी नवा आरसा लावला तर त्याच्याशी बोलणं बंद होत नाही. फक्त त्याला कुणी कॉफी विचारत नाही.

आत एकच सलग सीट. आर्लोची बायको लव्हॉन कधी खिडकीशी बसली नाही. मधे बसायची, नवऱ्याला खेटून. लग्नाआधीपासून ते केस पांढरे होईपर्यंत. खिडकीची जागा कायम रिकामी. को-ऑपमधले टवाळ विचारायचे, तिसरं कोण यायचंय? लव्हॉन म्हणायची, तुमची अक्कल, ती आली की निघू.

मधे बसणाऱ्याची अडचण एकच. गिअरचा दांडा जमिनीतून वर येतो. चौथा गिअर टाकायचा तर तो मागे ओढावा लागतो, आणि तो थेट मधल्या माणसाच्या डाव्या गुडघ्यावर येतो. म्हणून आमच्याकडची पोरं ट्रकात वाढतात ती एक शब्द ऐकत.

‘गुडघा.’

चालवणारा म्हणतो, मधला सरकतो, गिअर पडतो.

लव्हॉन फेब्रुवारीत गेली. सबंध हिवाळा विचिटाच्या दवाखान्यात काढून गेली, आणि तेवढ्या काळात शेडमधल्या ट्रकात उंदीर शिरले. त्यांनी सीट खाल्ली. सगळी नाही. नेमकी मधली जागा.

आर्लो दफनाच्या वेळी रडला नव्हता. शेडमध्ये रडला.

नवा फोम आणि कापड आठवड्यात बसवून मिळालं असतं. नोरीनने सुचवलंही. आर्लोने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने वहिनीच्या जागी पुठ्ठ्याची बाई बसव म्हटलं होतं. त्याला त्याच सालची, त्याच बनावटीची, स्प्रिंगवाली सीटच हवी होती. ती त्याला नेब्रास्कात भंगारवाल्याकडे मिळाली. ज्या ट्रकात होती त्याचं पुढचं अंग उरलेलं नव्हतं. सीटला मात्र ओरखडा नाही.

आर्लो खूश झाला. भंगारवाल्याने सीट उचलायला हात लावला नाही, तो लांब उभा राहिला, हेही त्याने को-ऑपमध्ये हसत सांगितलं. म्हणाला, आळशी लेकाचा.

सीट बसवली. ट्रक रस्त्यावर आला. पहिला, दुसरा, तिसरा…

चौथा पडेना.

दांडा निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. लोखंडावर लोखंड लागल्यासारखा नाही. मऊ. आत हाड असलेल्या वस्तूवर टेकतो, तसा.

आर्लोने क्लच दाबला, पुन्हा ओढला. तेच. मग त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

‘जरा गुडघा.’

…आणि गिअर पडला.

त्यानंतर आर्लो दिवसभर ट्रक फिरवायला लागला. काम काही नाही. कोपऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. पेट्रोलपंपावरच्या पोरीला वाटलं, म्हाताऱ्याने दुधाचा रतीब घालायला घेतला. बऱ्याच महिन्यांनी तो दाढी करून बाहेर पडत होता. गाव म्हणालं, बरं झालं, सावरला.

मग मर्विन नोरीनला भेटला. मर्विन म्हणजे आर्लोचा शेजारी; दोघांच्या घरांत दीड मैल ज्वारी, म्हणजे अगदी भिंतीला भिंत. आमच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं, हा रामराम. मर्विनने तसं केलं होतं. आर्लोनेही केलं. पण मर्विनला काहीतरी खटकलं होतं, आणि ते विचारायला तो हातात टोपी घेऊन नोरीनच्या दारात आला.

‘आर्लोकडे पाहुणे आलेत का गं?’

‘नाही. का?’

‘मधे कुणी बसलं होतं.’ मर्विनने टोपी फिरवली. ‘ते उंच होतं, नोरीन. मान वाकडी करून बसलं होतं. डोकं छताला लागत होतं.’

लव्हॉन तर नवऱ्याच्या खांद्याइतकीही नव्हती.

नोरीनने रात्रीची उरलेली बिरॉक, म्हणजे खिमा-कोबी भरलेले पाव, गरम करून कागदी पिशवीत भरली आणि भावाकडे गेली. भर दुपारी. तिला वाटलं, गरम खाल्लं की माणूस खरं बोलतो.

आर्लो निघतच होता. ‘चल, फिरवून आणतो,’ म्हणाला. ती दार उघडून चढली. तो पटकन म्हणाला, ‘खिडकीशीच बस हां. मधे नको सरकू.’

ती दाराला चिकटून बसली. मधली जागा रिकामी होती. वारा दोन्ही खिडक्यांतून आत येत होता, पण नोरीनच्या डाव्या बाजूला लागत नव्हता. आडोसा असावा तसा.

तिने हातातली पिशवी मधे ठेवली.

पिशवी सीटला टेकली नाही…

वीतभर वरच थांबली. मांडीवर ठेवलेली पिशवी राहते, तशी. जरा कलंडलेली.

नोरीनने पिशवी उचलून घेतली. त्या वेळी आपल्या तोंडून ‘माफ करा’ असं निघालं, हे तिने आम्हाला दोनदा सांगितलं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

तिसरा गिअर. इंजिन वर चढलं. आर्लोने दांडा ओढला, तो अडला. आर्लो हळूच म्हणाला, ‘जरा गुडघा.’ दांडा सुटला. आणि रिकाम्या जागेतली एक स्प्रिंग कुरकुरली, नोरीनच्या बाजूला.

तिच्या मांडीला काहीतरी टेकलं. थंड नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं, ती म्हणाली. कोमट होतं.

‘गाडी थांबव, आर्लो.’

त्याने थांबवली. नोरीन खाली उतरली आणि खिडकीतून बोलली, कारण आत डोकं घालायची तिची तयारी नव्हती.

‘ही लव्हॉन नाही.’

‘माहितीये.’

‘माहितीये?’

‘लव्हॉनला कधी गुडघा म्हणावं लागलं नाही. आवाज ऐकून आधीच सरकायची. याला दर वेळी सांगावं लागतं.’ आर्लोने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. ‘पहिल्याच दिवशी कळलं मला. म्हातारा झालोय, बावळट नाही.’

‘मग उतरव ना त्याला.’

त्याने दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, ‘घरी कुणी मधे येत नाही गं, नोरी. कशाच्याच मधे येत नाही. हात लांब केला की भिंतीपर्यंत मोकळं. इथे निदान अडतं.’

नोरीन तिथून पायीच परतली.

पुढच्या आठवड्यांत तिसराही अडायला लागला. मग दुसराही. बसणारा ऐसपैस होत चालला होता. आर्लो दाराकडे सरकत होता. एकदा तो जेवायला आला, तर त्याच्या बरगडीवर दाराच्या हँडलची निळी खूण होती, सुबक, छापा मारल्यासारखी. नोरीनने विचारलं तेव्हा म्हणाला, त्याला जागा कमी पडते. जावयाबद्दल बोलावं तसं म्हणाला.

तिने विनवलं. रागावली. पास्टरला घेऊन आली. पास्टरने ट्रकाभोवती फेरी मारली, रंग अस्सल आहे म्हणाला आणि गेला. तोही ट्रकवालाच.

शेवटी आर्लो मर्विनबरोबर गुरांच्या लिलावाला गेला असताना नोरीनने पाना घेतला. नटबोल्ट काढले, सीटला दोर बांधला, गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरने ओढत नेली आणि आपल्या शेताच्या टोकाला कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात टाकली. रिकाम्या सीटच्या मानाने ट्रॅक्टर फारच कण्हत होता. मागे वळून बघायचं नाही, एवढं तिने पाळलं.

संध्याकाळी ट्रक तिच्या दारात येऊन उभा राहिला. आर्लो उलट्या बादलीवर बसून चालवत आला होता.

‘पडला,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘चौथा. लोण्यात सुरी जावी तसा पडला, नोरी. मी गुडघा म्हणायच्या आत.’

आणि तो रडायला लागला. बादलीवर बसून रडणारा माणूस फार वाईट दिसतो. हसूही येतं. नोरीनला दोन्ही आलं.

‘कुठे ठेवलीस एवढं सांग. मी काही बोलणार नाही. फक्त कुठे आहे ते सांग.’

तिने मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं. अंधार पडेपर्यंत विचारत राहिला, एकाच सुरात, ताप आलेलं पोर पाणी मागतं तसा. शेवटी तिच्याने राहवेना. तिने खुराड्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोरीन फाटकाजवळच्या टपालपेटीशी उभी होती. लांबून ट्रकचा आवाज आला. तिने कान दिला. चौथा गिअर. एकदम मोकळा, सुसाट.

तिला वाटलं… आर्लोने ऐकलं. सीट नाही लावली. सुटला.

ट्रक जवळ आला. तिने सवयीने बोट वर केलं.

आर्लो चालवत नव्हता.

तो त्याच्या बाजूच्या खिडकीवर दाबला गेला होता. गाल काचेला चपटा झालेला. दोन्ही तळहात काचेवर. तोंड हलत होतं. काच बंद होती, पण शब्द ओळखायला तिला ऐकू यायची गरज नव्हती.

गुडघा. गुडघा. गुडघा.

आणि त्याच्या मागून, स्टिअरिंगवरून…

एक बोट वर झालं.

सावकाश. रीतसर. ट्रक निघून गेला. धूळ बराच वेळ हवेत राहिली, आमच्याकडे राहते तशी.

शेरीफच्या माणसांनी ज्वारी पालथी घातली. टायरच्या खुणा नाहीत, तेलाचा थेंब नाही. खुराडं रिकामं होतं. ट्रक सापडला नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि ते खोटं नाही. तो सापडत नाही. फक्त दिसतो.

दुपारीच दिसतो. मर्विनला दिसला, पास्टरला दिसला. वेग चांगला, रंग अजून अस्सल. मलाही समोरून आला एकदा, आणि माझंही बोट वर गेलं. सवय असते. घरी येऊन मी ते बोट कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

नोरीन रोज फाटकाशी उभी राहते. ट्रक येतो तेव्हा ती ओरडते, दगड मारते, एकदा तर रस्त्यात आडवी उभी राहिली. तो शिस्तीत बाजूने गेला. तिला प्रत्येक वेळी आर्लो मागच्यापेक्षा थोडा अरुंद दिसतो. शेरीफ तिचा फोन उचलत नाही. म्हणून तिने काउंटीच्या रस्ते विभागाला अर्ज केला आहे. पोच अजून आलेली नाही. मजकूर असा:

‘अर्जदार ही ग्रेबर येथील कायम रहिवासी असून तिने या रस्त्याचा कर वेळच्या वेळी भरलेला आहे. सदर रस्त्यावर रोज दुपारी फिरणारे हिरवे वाहन जो कोणी चालवत असेल, त्यास विभागाने योग्य मार्गाने कळवावे, की अर्जदाराच्या भावास खाली उतरू देण्यात यावे. तसे करणे नियमात बसत नसल्यास, भावास नीट बसण्यापुरती जागा तरी देण्यात यावी. तो फार जागा घेत नाही.’