ओहोटीच्या वाळूतली घंटा

कुणीही विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आटपाडीच्या बाजारात मी तोंड उघडलं, की लोक चप्पल शोधायला लागतात. पण ही घटना खरी आहे.

गेल्या फाल्गुनातली अमावस्या. तीही भर दिवसा.

माझा थोरला जोतीराम आयर्लंडला पगारावर मेंढरं राखतो. कुरणाला लागूनच अटलांटिक समुद्र. ओहोटी लागली की पाणी मैलभर मागं सरतं, समोरच्या बेटापर्यंत नुसती वाळू. सहा तासांनी पाणी परत. अमावस्येला तर ते धावतच येतं.

त्या दिवशी एक गाभण मेंढी बेटावर राहिली. हा निघाला आणायला.

आमची माणगंगा दहा महिने कोरडी. वाळू दिसली की आम्ही चालू पडतो. पाण्याची वेळ विचारायची सवयच नाही.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं.

बेट दिसेना. किनारा दिसेना.

आणि मग... घोट्याला गार पाणी लागलं.

पळायचं तरी कुठल्या बाजूला?

तेवढ्यात समोरून आवाज आला... मेंढराच्या गळ्यातली घंटा.

टण... टण...

जोतीराम तिच्या मागं निघाला. पाणी गुडघ्याला आलं. मग मांडीला.

घंटा पुढंच.

...आणि त्याला आठवलं. तिकडं मेंढरांना घंटा बांधतच नाहीत.

त्यानं मला फोन लावला. ती घंटा मी या कानांनी ऐकली. म्हणालो, "जोत्या, तिच्याकडं पाठ कर." आणि आमच्या घराण्याची हाळी घातली. हिर्र्र... हो हो हो...

घंटा थांबली. पोरगं किनाऱ्याला लागलं.

परवा पारावर मी एवढं सांगितलं. जोतीराम सुट्टीवर आलेला, शेजारीच बसला होता.

"आबा, खोटं हाय हे," तो म्हणाला. "माझा फोन खोलीवर चार्जिंगला व्हता."

सगळा पार हसला. लालासाहेब म्हणाला, "धुळाआबा, आज घरच्यानंच धरलं की तुमाला."

जोतीराम हसला नाही.

"पण हाळी आली, आबा. मागनं. तुमच्याच आवाजात. त्या हाळीकडं चालत गेलो म्हणून वाचलो." तो माझ्याकडं वळला. "हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. तुमाला कसं ठावं?"

मी तंबाखू मळत राहिलो.

धुकं, पाणी, घंटा हे त्यानंच सांगितलेलं; फोनचं मी रचलं होतं. हाळीचंही.

त्या वेळी मी इथं बाभळीखाली गाढ झोपलो होतो...