जिंकू नकोस, असं म्हणणार होते

"ताई, दोन मिनिटांत होईल का?"

ताई! मी चिडूनच वर पाहिलं. निळं जॅकेट कमरेजवळ टरकलेलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"ताई म्हणालात तर दोन तास लागतील."

"मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. जॅकेट काढा."

शेजारच्या मशीनवर मावशी उगाचच खोकली. साम्बो म्हणजे जॅकेट धरून खेळायची कुस्ती. जॅकेट धरायचं म्हटलं की ते फाटणारच, म्हणून या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हॉलमागच्या बोळकांडीत आम्हा मावशी-भाचीची दोन मशिनं बसवली होती. मी शिवायला घेतलं. तो मशीनवर कोपर टेकून बघत राहिला. मला नाही, सुईला बघतोय, असं मी स्वतःला बजावत होते.

"हात किती भरभर चालतो तुमचा!"

झालं! तिथेच माती खाल्ली. तो जॅकेट घेऊन पळाला आणि लगेच परत आला.

"अहो, पट्टा कुठून घालू?"

साम्बोच्या जॅकेटला कमरेशी दोन खाचा असतात, त्यांतून पट्टा ओवतात. मी फाटलेल्यासोबत त्यातली एक खाचही शिवून टाकली होती! आत त्याचं नाव पुकारत होते. जॅकेट काढायलाही वेळ नव्हता. मी तशीच खाली वाकून एकेक टाका उसवला. तो श्वास रोखून उभा... आणि मीसुद्धा.

"काय गं, जॅकेट शिवत होतीस की स्वप्नं?" तो गेल्यावर मावशी म्हणाली.

तो ती कुस्ती जिंकला. पुढचीही. आणि प्रत्येक कुस्तीनंतर याचं काहीतरी उसवलेलं! कधी खांद्याची पट्टी, कधी बाही, तर कधी... काहीच नाही.

"हे तर धडधाकट आहे," मी म्हटलं.

"हो का? नीट बघा ना. सावकाश."

मी सावकाश बघितलं. जॅकेट सोडून सगळं बघितलं.

फायनलच्या आधी मात्र तो नुसताच उभा होता. पट्टा हातात गुंडाळत, सोडत.

"जिंकलो तर परदेशात बोलावलंय," तो म्हणाला. "तिथल्या क्लबकडून खेळायला. दोन वर्षं."

"आणि... हरलात तर?"

"तर इथंच. रोज काहीतरी फाडून घेऊन येईन." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "खरं सांगा — काय करू?"

जिंकू नका. अगदी जिभेवर आलं होतं.

"पट्टा घट्ट बांधा," मी म्हटलं.

फायनल बघायला मावशीने मला ओढतच नेलं. समोर मागच्या वर्षीचा विजेता, दांडगा गडी. त्याने याला उचलून आपटला आणि छातीवर भार टाकून दाबून धरला. असाच अजून थोडा वेळ धरून ठेवला की गुण त्याचे, सोनं त्याचं. आणि हा... हा माझ्याजवळ राहणार! होऊ दे, देवा, मी मनात म्हटलं. लाज वाटली, तरी म्हटलं.

तेवढ्यात त्याचा चेहरा दिसला. लालबुंद, दात आवळलेले.

"ऊठ! अरे, ऊठ ना!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एवढा आवाज माझ्या घशात होता?

तो अंग झटकून उठला. त्या दांडग्याला त्याने कमरेवरून असा फेकला की हॉल दणाणला. कुस्ती याची! मग बक्षीस समारंभ. मधे सोनं, बाजूला चांदी, आणि साम्बोत तिसरे दोघं असतात, ते दोघं कडेला. त्या चौघांत सगळ्यात रडवेला चेहरा सोनं जिंकणाऱ्याचा.

तो मेडल घालून सरळ बोळकांडीत आला. मावशी पाण्याचं निमित्त काढून सटकली.

"ओरडलीस ती तूच ना?"

मी दोरा गुंडाळत राहिले.

"मला थांबवायचं होतं, तर गप्प बसायचंस!"

"गप्पच बसणार होते रे... पण तू असा पडलेला... मला नाही बघवलं. आवडतोस तू मला. फार आवडतोस."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. किती गरम होते ते तळवे!

"मग म्हण ना थांब. एकदा म्हण. नाही जाणार मी."

मला माहीत होतं, तो खरंच थांबला असता. बाहेर प्रशिक्षक हाका मारत होते, गाडी लागली होती.

"जा," मी म्हटलं. आणि हात सोडवून घेतला.

मावशी परत आली तेव्हा मी रिकाम्या मशीनवर डोकं टेकून रडत होते. तिने पाठीवर हात ठेवला.

"गेला का गं?"

"गेला नाही, मावशी. मीच पाठवला."