तोतयांची पेटी

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी अनुवाद कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर नव्या अनुवादकाची पहिली चूक सापडली. एका दुकानसंकुलाच्या सरकत्या जिन्याचं माहितीपुस्तक होतं, पान चार. फ्रेंचमध्ये 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. त्याने इंग्रजीत सरळ 'लायब्ररी' लिहून टाकलं होतं.

चूक पकडली चाळणीने. कार्यालयात सगळे तिला चाळणीच म्हणत. सहा वर्षं ती तपासनीस होती. प्रत्येक कागद तिच्या लाल पेन्सिलीखालून जायचा आणि तिची सही झाल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. सहा वर्षांत एक खडा सुटला नव्हता.

"जरा इकडे या," ती म्हणाली.

तो खिडकीजवळच्या टेबलावरून उठून आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका बुटाची नाडी सुटलेली.

"तोतया," तिने कागदावर बोट ठेवलं.

"मी? आज पहिलाच दिवस आहे हो माझा..."

"तुम्ही नाही. हा शब्द."

दिसायला इंग्रजीसारखा आणि अर्थाने भलताच, अशा फ्रेंच शब्दाला इथे तोतया म्हणत. कार्यालय चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा नियम होता: जो फसेल त्याने स्वतःच्या हाताने एक कार्ड लिहायचं आणि चाळणीच्या टेबलावरच्या लाकडी पेटीत टाकायचं. शब्द, खरा अर्थ आणि एक उदाहरण. उदाहरण मात्र खरं हवं, आपल्यावर गुदरलेलं. खोटं वाक्य ध्यानात राहत नाही, असं मोठ्या बाईंचं म्हणणं.

त्याने उभ्या उभ्या लिहिलं: 'समोरच्या पुस्तकांच्या दुकानात आज सकाळी वीस मिनिटं काढली. पुस्तक घेतलं नाही. इथे वर यायचा धीर होत नव्हता.'

चाळणीने वाचलं. ओठाचा एक कोपरा किंचित हलला, बाकी काही नाही.

मंगळवारी दुसरी चूक. 'रेस्ते' म्हणजे थांबणं, मुक्काम करणं. त्याने 'रेस्ट' समजून विश्रांती लिहिली होती. कार्डावर उदाहरण आलं: 'काम पाचला संपलं होतं. सहापर्यंत थांबलो. कारण विचारू नये.'

"मी विचारलंय का?" ती म्हणाली.

"म्हणून तर लिहिलं... विचाराल अशी आशा होती."

पुढच्या आठवड्यात 'साँसीब्ल'. इंग्रजी वळणाने वाचलं तर समंजस, फ्रेंचमध्ये हळवा. त्याचं उदाहरण: 'तपासनीस दिसतात तितक्या कडक नाहीत. काल कुंडीतलं वाळकं पान तोडताना त्या झाडाला सॉरी म्हणाल्या.'

चाळणी कानापर्यंत लाल झाली. "दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायचं नसतं."

"तुम्ही झाडाशी बोलत होतात. झाडाने तक्रार केली तर मी माफी मागेन."

असं महिनाभर चाललं. एका फाइलीत एक चूक. एकच — कधी दोन नाही, कधी शून्य नाही. दर चुकीला तो तिच्या टेबलापाशी यायचा, कार्ड लिहायला दोन मिनिटं पुरतात तिथे दहा घ्यायचा. पेटीचं झाकण लागेनासं झालं.

चाळणीच्या घरी तिची ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुमच्या ऑफिसात माठ भरती केलाय का गं? रोज म्हणे चूक!"

"माठ नाहीये. अवघड शब्दांना अडत नाही तो. सोप्यालाच अडतो, आणि रोज एकदाच."

ताईने उशीचा अभ्रा खाली ठेवला. "मग बाई, तो चुकत नाहीये. तो येतोय."

"काहीतरीच तुझं!"

"आणि तू काय करतेस?"

"मी? मी दुरुस्त करते."

"कर हो, कर," ताई म्हणाली आणि पुढची घडी घातली.

त्या दिवसापासून एक बदल झाला. तो चाळणीच्या स्वतःच्याही लक्षात आला नाही. त्याची फाइल ती तपासण्यासाठी उघडेना. आजची चूक कुठे लपवलीय ते शोधण्यासाठी उघडू लागली. ती सापडली की तिला बरं वाटायचं. पुढची पानं मग ती नुसती उलटायची. दिवसाची चूक तर मिळालेली असायची.

सोमवारी आलेली फाइल होती कीटकनाशक धूर सोडणाऱ्या यंत्राची. बारा पानं. दुसऱ्या पानावर चूक सापडली, कार्ड झालं, हसणं झालं. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने सही केली.

पान अकरावर 'इनाबिते' हा शब्द होता. इंग्रजीतल्या 'इनहॅबिटेड'चा पाठचा भाऊ शोभावा असा. पण इंग्रजीत त्याचा अर्थ माणसं राहतात ती जागा, आणि फ्रेंचमध्ये माणसं राहत नाहीत ती. मूळ सूचना होती: यंत्र फक्त रिकाम्या खोलीत चालवा. चाळणीच्या सहीने जी बाहेर पडली ती अशी: यंत्र फक्त माणसं राहतात त्या खोलीत चालवा.

बुधवारी अकराच्या सुमारास छापखान्यातून फोन आला. "हे असंच छापायचं का हो? नाही, आम्ही आपलं विचारलं..." छपाई थांबली. कुणाला काही इजा झाली नाही.

मोठ्या बाईंनी चाळणीला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"सही तुझी आहे."

"हो."

"पान अकरा वाचलं होतंस?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "उलटलं."

"का?"

याला उत्तर होतं, पण ते मोठ्यांदा म्हणण्यासारखं नव्हतं. मोठ्या बाईंनी फाइल मिटली. "तुझी सही आजपासून बंद. परत द्यायची की नाही ते सोमवारी सांगते."

चाळणी बाहेर आली ती थेट जिन्यात गेली. तो मागोमाग आला.

"आधीच्या सगळ्या चुका मुद्दाम होत्या ना?"

"...होत्या."

"आणि ही?"

"ही खरी. मला खरंच तसंच वाटलं होतं. शपथ घेऊन सांगतो."

"घे ना. काय फरक पडतो? तुझी खरी चूक आणि खोटी चूक सारखीच दिसते. मी काय बघून ओळखायची?"

ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. ते दोघांच्याही ध्यानात आलं. दोघांपैकी कुणीही दुरुस्त केलं नाही.

"तुमच्या टेबलापर्यंत यायला दुसरा रस्ता सुचला नाही," तो म्हणाला.

"'बसू का इथे' एवढं विचारायचंस."

"काय म्हणाला असतात?"

"आता सांगून काय उपयोग?" ती म्हणाली आणि वर गेली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्याने मोठ्या बाईंच्या हातात दोन कागद ठेवले. एकावर त्याच्या मुद्दाम केलेल्या एकोणीस चुका तारीखवार लिहिल्या होत्या आणि खाली वाक्य होतं: 'तपासनिसांची सवय मी बिघडवली, दोष माझा.' दुसरा कागद राजीनाम्याचा. साडेनऊला खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं होतं.

"सगळं त्याने स्वतःवर घेतलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "हा कागद धरला तर तुझी सही आत्ताच परत देता येईल."

चाळणीने कागद वाचला. नेहमीच्या सवयीने चूक शोधली. एकही नव्हती.

"पान अकरा मी सोडलं," ती म्हणाली. "त्याच्या कागदावर मला सही परत नको."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोमवारी बघू. तोवर कार्ड लिही. तूही फसलीस."

सहा वर्षांत हे तिचं पहिलंच कार्ड. शब्द लिहिला, अर्थ लिहिला. उदाहरणापाशी हात अडला... वाक्य खरं हवं होतं. चाळीस मिनिटांनी तिने लिहिलं: 'खिडकीजवळचं टेबल आज साडेनऊपासून रिकामं. मला ते तसं नको आहे.'

पेटीतलं कार्ड खोलीबाहेर न्यायचं नाही, असाही नियम होता. म्हणून तिने ते पेटीत टाकलंच नाही. त्याचा अनुभवाचा दाखला संध्याकाळच्या कुरिअरने जायचा होता, त्याच पाकिटात सरकवून दिलं.

पाकीट गुरुवारी संध्याकाळी सहाला पोचलं, असं कुरिअरवाल्याने फोनवर सांगितलं. शुक्रवारी सकाळी पोचपावती आली. खाली त्याची सही. मिळाल्याची वेळ त्याच्याच अक्षरात: 'शुक्रवार, संध्याकाळी सहा.'

ती पावती चाळणीने तीनदा वाचली. मग ताईला फोन केला.

"वार चुकला असेल त्याचा," ताई म्हणाली. "गडबडीत होतं असं."

"असेल."

"की मुद्दाम?"

"कळायला मार्ग नाही."

"मग? करणार दुरुस्त?"

चाळणीने लाल पेन्सिल उचलली, पावतीवर धरली आणि परत खाली ठेवली. "नाही," ती म्हणाली.

सहाला दहा कमी असताना ती जिना उतरली. बाहेर भुरभुर पाऊस होता. पावतीवर जागा लिहिलेली नव्हती; रस्ता ओलांडून ती त्याच्या पहिल्या कार्डातल्या पुस्तकांच्या दुकानासमोर उभी राहिली. काचेवर रस्त्यावरचे दिवे पडले होते, त्यामुळे आत कोण आहे ते बाहेरून दिसत नव्हतं. घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती. तिने दार ढकललं.