डावीकडून तिसरा

"तुमची कर्मचारी माझ्या स्क्रीनवर चढलीये," तो म्हणाला.

डबा टेबलावर उघडाच टाकून ती खिडकीशी छत्री झटकत होती. वळून पाहिलं तर खरंच — एक गोगलगाय स्क्रीनच्या कडेने, स्वतःच्याच रुबाबात, वरच्या कोपऱ्याकडे निघालेली. मागे ओली, चकचकीत रेघ.

"अहो, मग उचला की तिला!"

"मी साईट सांभाळतो. प्राणी तुमच्याकडे."

इतर प्रेमकथांमध्ये पहिल्या भेटीत वीज चमकते म्हणे. इथे फक्त स्क्रीन चिकट झाली.

त्या काळी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर गोगलगायींच्या नोंदींचा प्रकल्प चालायचा. खाली यंत्र सुरू झालं की वर कपबशा थरथरत. प्रकल्पाला मंजुरीही गोगलगायीच्याच चालीने आली होती, त्यामुळे मंजुरी पोचली तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं. ती जुन्या बागा धुंडाळून गोगलगायी शोधायची, म्हणून शंखवाली. तो साईटवाला. शिवाय एक फोटोवाला होता, तोही आपल्या फोटोंच्या पोस्ट चढवायचा. प्रमुख बाईंना नुसतं 'बाई' म्हणत, पण उभं राहून.

शोधलेली प्रत्येक गोगलगाय साईटवर चढवायची असा बाईंचा दंडक. साईट अगदी साधी. एक पोस्ट म्हणजे एक फाइल. वर शीर्षक आणि तारीख, खाली मजकूर, फोटो, फोटोखाली एक ओळ. फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, आज्ञा द्यायची, की सगळी पानं नव्याने रचली जात.

"आणि फोटोखाली ओळ नाही लिहिली तर?" तिने विचारलं.

"पोस्ट चढणार नाही. लाल अक्षरं येतील."

"बाई गं! एवढा जाच?"

"माझ्या काकांची नजर गेलीये. ते साईट ऐकतात. फोन वाचून दाखवतो. ओळ नसली की फोन नुसतं 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो. काकांना वाटतं, पुतण्या काहीतरी लपवतोय."

तिला सगळं पहिल्याच दिवशी समजलं. पंचाईत अशी, की तिला समजलं म्हटल्यावर तो आपल्या टेबलाकडे निघून गेला.

पुढच्या पोस्टच्या वेळी ती ओळ लिहायला विसरली. लाल अक्षरं आली. तो खुर्ची सरकवत आला, तिच्या खांद्यावरून वाकला. त्याच्या बाहीला उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास होता...

"विसरलात?"

"विसरले."

"काय दिसतंय फोटोत?"

"गोगलगाय."

"तेवढं काकांनाही ठाऊक आहे. आणखी?"

तिने फोटोकडे पाहिलं. म्हणजे, शेवटी फोटोकडेही पाहिलं. "पानाच्या कडेशी थांबलीये. पुढे जावं की नाही... ठरत नाहीये तिचं."

"हं," तो हळूच म्हणाला. "हेच लिहा."

मग ती विसरतच गेली. नित्यनेमाने, मन लावून विसरली. बाई एकदा वैतागून म्हणाल्यासुद्धा, "शंखवाले, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का गं?" तिने मान खाली घालून भुसा कबूल केला. प्रेमात माणसं ताजमहाल बांधतात. हिने अक्कल गहाण टाकली.

आणि एक दिवस तो काकांना डॉक्टरकडे न्यायला परगावी गेला. नेमक्या त्याच सकाळी बाई धावत आल्या. "दुपारी पाहुणे येतायत. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते ठरवणारे! राहिलेल्या सगळ्या गोगलगायी आत्ताच्या आत्ता चढव!"

ती स्क्रीनसमोर बसून राहिली. ओळी लिहिल्या तर तो परतल्यावर तिचं बिंग फुटणार. न लिहाव्यात तर प्रकल्प जाणार, आणि प्रकल्पाबरोबर शेजारचं टेबलही. तिने ओळी लिहिल्या. एकेक अशी, की काकांनी फोन कानाशी धरून ठेवावा. एकदाही लाल अक्षर आलं नाही.

पाहुण्यांनी चहा घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि प्रकल्प बंद केला.

तो परतला. साईट उघडली, एकेक पोस्ट वाचत खाली गेला.

"सगळं बिनचूक."

"हो... नशीब म्हणायचं."

"गोगलगाय आणि पोटात पाय!" तो पुटपुटला आणि आपल्या टेबलाकडे गेला.

तिचे कान तापले. हसला तो? की रागावला? त्यानंतर तो फिरकलाच नाही. खोकी भरली जात होती, भिंतीवरचे नकाशे उतरत होते, आणि दोन टेबलांमधली ती चार पावलं कुणालाच ओलांडता येत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात ती फोटोवाल्याला म्हणाली, "सुटलास बाबा आता लाल अक्षरांतून."

"कसली लाल अक्षरं?"

"फोटोखाली ओळ नाही लिहिली की येतात ती."

"मी कशाला लिहू ओळी? साईटवालाच लिहितो माझ्या. मला तर कधी विचारतही नाही."

ती खोक्यावरच बसली. खोक्यात शंख होते. त्यांनी तक्रार केली नाही.

शेवटची पोस्ट तिच्याकडे होती — सगळ्यांचा एकत्र फोटो. तिने ओळ लिहिली नाही. आज्ञा दिली. लाल अक्षरं आली.

"विसरले," ती मोठ्याने म्हणाली.

खुर्ची सरकली. तो आला, वाकला. तोच उन्हाचा वास.

"ही लाल अक्षरं फोटोवाल्याला का येत नाहीत?"

त्याने लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तशी आज्ञा आहे... तुमच्या पोस्टपुरती."

"का?"

"काकांना तुमच्या ओळी आवडतात."

"आणि काकांच्या पुतण्याला?"

खालचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं. त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "ओळ... लिहा ना."

"काय लिहू?"

"दिसतंय ते."

तिने फोटो नीट पाहिला. आणि लिहिलं: 'डावीकडून तिसरा कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.'

त्याने वाचलं. तिच्या हातावरून हात पुढे करून त्याने सावकाश, एका बोटाने, पुढे जोडलं: 'चौथीला ते माहीत आहे.'

"आता माहीत आहे," ती म्हणाली. "आज्ञा दे."

पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे बोलली. पोस्ट चढली.

साईट अजून आहे. अशा साध्या साईटला मागे मोठं यंत्र नसतं, त्यामुळे बिघडायलाही काही नसतं. छापखाना गेला, बाई निवृत्त झाल्या, पण पानाच्या कडेशी थांबलेली गोगलगाय अजून तिथेच आहे, डावीकडून तिसराही.

त्या संध्याकाळी मात्र साईटवाल्याला पोस्ट चढल्या चढल्या फोन आला होता.

"काय रे," काका म्हणाले, "ही चौथी कोण?"

"काका, ती... म्हणजे कशी आहे सांगू..."

"तू नको सांगू. तुला ओळी जमत नाहीत, त्या फोटोवाल्याच्या पोस्ट ऐकल्यात मी. तिला घरी घेऊन ये. कशी दिसते ते तीच सांगेल."