न मोजलेली माणसं

मदतखिडकीत बसणं हे काही तिचं काम नव्हतं. तिथला कारकून दाढ काढायला गेला होता, म्हणून विद्यापीठाचं संकेतस्थळ सांभाळणारी ती प्रोग्रामर त्या दुपारी तिथे येऊन बसली. आणि पहिल्याच माणसाने तिच्यासमोर ओळीने भोकं असलेली एक प्लॅस्टिकची पाटी ठेवली.

"हे काय?"

"कीबोर्डवर बसवायचं झाकण. माझे हात थरथरतात. भोकातून बोट घातलं की भलतं बटण दाबलं जात नाही." त्याचा आवाज मात्र अगदी स्थिर होता. "पण तक्रार झाकणाची नाही, तुमच्या अर्जाची आहे. पीएचडीचा अर्ज आठ दिवस भरतोय. दहा मिनिटं झाली की तो मला बाहेर काढतो आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकतो. अकरा वेळा झालं. परवा पाचला मुदत संपते."

"मी भरते म्हटलं तर ऐकत नाही," शेजारी उभी असलेली त्याची थोरली बहीण म्हणाली. "लहानपणापासून असाच हेकट."

"सगळ्या परीक्षा लेखनिक घेऊन दिल्या, ताई. हे तरी माझं मला लिहू दे. नाहीतर पीएचडीपण तूच कर."

"केली असती. गणितात नसती तर."

खिडकीमागे प्रोग्रामरला हसू आलं, पण ते ओठांवरच अडलं. ती दहा मिनिटं तिनेच ठरवली होती. विभागात तिला सगळे 'दशांश' म्हणत, कारण कुठलंही उत्तर पार दशांशापर्यंत काढल्याशिवाय ती तोंड उघडत नसे.

"दहा मिनिटं पुरतात," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचे सगळे अर्ज तपासलेत मी. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना साडेसहा मिनिटांहून कमी वेळ लागला."

"सगळे म्हणजे... पूर्ण झालेले?"

"अर्थात. पूर्ण झालेलेच तर—"

ती थांबली. फळ्यासमोर अडलेल्या विद्यार्थ्याला पुढची पायरी स्वतः दिसेपर्यंत थांबावं, तसा तो नुसता बघत राहिला.

जे अर्ध्यातच बाहेर पडले, ते तिच्या मोजणीत आलेच नव्हते.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. यांना उत्तर मिळालं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या कुणी एवढ्यात तिची फजिती चारचौघांत मिरवली असती. याने साधी भुवईसुद्धा उडवली नाही.

"तुम्ही सांगा, मी आत्ता टाइप करून देते," ती म्हणाली.

"माझं होईल. पण माझ्यामागून येईल त्याचं?"

ती सरळ आपल्या विभागाच्या साहेबांच्या खोलीत गेली.

"दहा मिनिटं पुरतात, या अहवालावर तुमचीच सही आहे ना?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो. मोजण्यात माझी चूक झाली. तसं लिहून देते. पण उद्यापासून अर्ज बदलायला हवा."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसून तिचं काम तपासत होता. दहा मिनिटं भरत आली की अर्ज आता आधी विचारायचा, आणि लिहिलेलं जपून ठेवायचा. टक्... टक्... तो एकेक अक्षर उमटवत होता. चुकलं की न चिडता पुसत होता. इतक्या निगुतीने लिहिणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं.

"तुम्ही माझ्याकडे बघताय?" पडद्यावरची नजर न हलवता त्याने विचारलं.

"घड्याळाकडे."

"घड्याळ तुमच्या मागे आहे."

ती घाईघाईने आपल्या नोंदींकडे वळली. "मागच्या वर्षी अर्ध्यात सुटलेले अर्ज काढलेत मी. तीनशे बारा. त्यातले किती अडले आणि किती नुसतेच कंटाळले... ते मला आता कळणार नाही."

"'कळणार नाही' असंही म्हणता तर तुम्ही," तो हळूच म्हणाला. "छान वाटतं ऐकायला."

शेवटच्या दिवशी चारला बदललेला अर्ज सगळ्यांसाठी खुला झाला, तसा तो बसला. पाऊण तासाने त्याची बोटं आखडली. हात मांडीवर घेऊन तो डोळे मिटून बसला. पाचला बारा मिनिटं होती, दोन रकाने उरले होते. ताई पुढे सरसावली, तशी तिने ताईचं कोपर धरलं.

"राहू द्या," ती कुजबुजली. "करतील ते."

त्याने डोळे उघडले आणि बोट पुन्हा पाटीच्या भोकात घातलं. पाचला चार मिनिटं असताना अर्ज गेला.

"सुटलास रे बाबा," म्हणत ताईने पाटी उचलली. मग दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मी खाली थांबते. सावकाश ये. अगदी सावकाश."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला.

"यादी महिन्याने लागेल," ती म्हणाली. "नाव लागलं तर तुम्ही इथे रोज याल. नाही लागलं तर... तरीही यावं, असं मला वाटतं. आधार म्हणून एकही आकडा नाही माझ्याकडे."

"आकड्यांशिवाय बोललात?"

"पहिल्यांदाच."

"मग मीही बोलतो. काल तपासणी तासाभरात संपली होती. मी संध्याकाळपर्यंत बसून होतो."

त्याने हात टेबलावर ठेवला, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. तो थरथरत होता. घट्ट धरून तो थांबवावा, असं तिच्या मनातही आलं नाही. तिने आपला तळवा अलगद त्याखाली सरकवला, आणि ती थरथर आपल्या हातात येऊ दिली.